सिस्टर मेश्राम आणि मंप्टनचा बिशप

कुंदाताई मेश्राम नन नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याबद्दलचा हा गैरसमज लिटल मंप्टनपासून पार ब्रिस्टलच्या पार्सल डेपोपर्यंत पसरला होता, आणि तो दूर करण्यात त्यांच्या निवृत्तीची बरीच वर्षं खर्ची पडली होती.

मी आणि माझी बायको ऋता पुण्याहून नोकरीसाठी ब्रिस्टलला आलो. शहरातली भाडी बघून डोळे पांढरे झाले, तेव्हा कुणीतरी सुचवलं की ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जायचंय तर बाहेर खेड्यात राहा. म्हणून आम्ही लिटल मंप्टनमध्ये एक कॉटेज भाड्याने घेतलं. लिटल आहे म्हणजे जवळपास कुठेतरी ग्रेट मंप्टन असेल असं कुणालाही वाटेल. तसं काही नाही. जे आहे ते एवढंच. डझनभर घरं, एक अरुंद लेन आणि कायम ओल धरलेलं एक चॅपल. एक लाल टेलिफोन बॉक्स, ज्यात आता फोन नाही. हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं मशीन आहे, आणि त्याच्या खालच्या फळीवर विकायला ठेवलेला जॅम आहे. आणि लेनच्या वळणावर, चॅपलच्या भिंतीसमोर, पुरुषभर उंचीचा एक उभा धोंडा. त्याचं नाव 'द बिशप'.

आमचं सामान उतरवताना व्हॅनचा ड्रायव्हर आदराने म्हणाला, "तुमच्या देशातली एक नन राहते समोरच्या घरात. सिस्टर. फार पवित्र बाई आहेत."

ऋता कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ननचं नाव निघताच तिने केस घट्ट बांधले. संध्याकाळी आम्ही चांगले कपडे घालून, हातात केक घेऊन समोरची बेल वाजवली. दार उघडलं ते ट्रॅकसूट आणि गमबूट घातलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या, ठेंगण्या बाईंनी. ऋता खालच्या आवाजात म्हणाली, "गुड ईव्हिनिंग, सिस्टर."

"मराठी दिसून राहिले," बाई म्हणाल्या. "पुण्याचे काय?"

"हो. कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"बेल वाजवून दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले ना. आमच्या नागपूरचा माणूस बेल वाजवायच्या आधी सोफ्यावर असतो. या आत. पोट साफ होऊन राहिलं ना रोज?"

केक ऋताच्या हातात तसाच राहिला. आम्ही दोघांनी एकाच वेळी मान हलवली. त्या प्रश्नाला दुसरं काही करता येत नसे, हे आम्हाला पुढे कळलं. गावातले सगळेच तशी मान हलवत.

त्या तरुणपणी नर्स म्हणून नागपूरहून आल्या आणि ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होऊन निवृत्त झाल्या. गावात सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणत ते त्यामुळे. हे घर मेश्राम साहेबांच्या हौसेचं. त्यांना शांतता हवी होती. इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "कुंदा, ही जरा जास्तच झाली." साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा हसरा फोटो होता, आणि खालच्या मेजावर बुद्धाची छोटी मूर्ती. ताईंच्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतलेली. घरात नवस नाही, अंगारा नाही, कुठलीही गोष्ट कुणी सांगितली म्हणून मानायची नाही, अशी शिस्त. ताईंच्या तोंडी कायम एकच शब्द असे, "पुरावा?" हवामानखात्याने पाऊस सांगितला तरी त्या आकाशाकडे बघून विचारत, "पुरावा?"

ननचा घोळ मात्र पुराव्याने मिटत नव्हता. पार्सल घेऊन येणारा एक तरुण ड्रायव्हर त्यांच्या दारात छातीवर क्रूस काढायचा. एकदा त्याने गुडघे टेकून विनंती केली, "सिस्टर, मोठ्या लॉरीच्या लायसन्सची परीक्षा आहे. आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद आपण देत नाही," ताई म्हणाल्या. त्या पेशंटशी बोलताना नेहमी 'आपण' म्हणत. "आपण ब्लड प्रेशर बघतो. बाही वर कर."

प्रेशर चांगलंच वाढलेलं निघालं. त्यांनी त्याला बजावून डॉक्टरकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, डोकेदुखी थांबली, आणि तो परीक्षा पास झाला. पुढच्या वेळी पार्सलाबरोबर मेणबत्ती घेऊन आला. ताईंनी त्याला नर्सिंगचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून दाखवलं. त्याने ते कपाळाला लावलं.

रविवारी त्यांच्याकडे पाहुणे असत. लंडनच्या इल्फर्डहून, एजवेअरहून, कुठून कुठून मराठी मंडळी गाड्या भरून यायची, कारण असे तर्री पोहे आख्ख्या इंग्लंडात मिळत नव्हते. खाऊन झाल्यावर मात्र गाव बघायला लागायचं, त्यातून सुटका नसे. ताई गमबूट घालून पुढे निघत.

"हा टेलिफोन बॉक्स. आत हृदयाचं मशीन आहे आणि जॅम आहे. मशीन लागू नये आणि जॅम घेऊ नये. मार्गरेटचा आहे, साखर फार. हे चॅपल. जुनं आहे, ओल आहे, आत जास्त वेळ थांबायचं नाही, छाती भरते. आणि हा धोंडा."

धोंड्याभोवती एक बुटकी पांढरी साखळी होती, आणि तिच्यापाशी मार्गरेट उभी असायचीच. ती ताईंची शेजारीण, त्यांच्याच वयाची, उंच, किडकिडीत, गळ्यात चष्मा. बिशपची कथा सांगायचा मान तिच्या घराण्याचा होता. एक बिशप रविवारी इथून चालला होता, लोक नाचत होते, त्याने त्यांना रागावायला तोंड उघडलं आणि बघतो तर त्याचेच पाय नाचायला लागलेले. त्याच पावली त्याचा दगड झाला. ज्याचं लग्न जमत नाही त्याने बिशपला हात लावावा, वर्षाच्या आत जमतं. आणि ज्या दिवशी बिशपच्या अंगातून रक्त येईल, त्या दिवशी मंप्टन बुडेल.

"पुरावा?" ताई विचारत.

"सिस्टर, तुझ्यात कविता नाही," मार्गरेट म्हणे.

"कविता नाही, पण डोळे आहेत. हा गाईंचा पाठ खाजवायचा दगड आहे," ताई पाहुण्यांकडे वळून मराठीत सांगत. "रानात झाड नसलं की शेतकरी असा दगड रोवून देतात. कमरेइतक्या उंचीवर हात फिरवून बघा, कसा गुळगुळीत आहे. बिशप एवढा घासत नाही."

मग दोघी भांडत भांडत मार्गरेटकडे चहाला जात. सकाळी अकराला ताईंकडे, दुपारी मार्गरेटकडे, असा त्यांचा रोजचा नेम होता.

एजवेअरच्या एका काकूंच्या मुलाचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. त्या एका रविवारी आल्या, त्यांनी मार्गरेटची कथा अगदी लक्ष देऊन ऐकली, आणि निघताना कुणाचं लक्ष नाहीसं बघून धोंड्याला भरपूर हळदकुंकू वाहून गेल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी मार्गरेटच्या किंकाळीने आम्ही उठलो. धावत वळणावर गेलो तर बिशपच्या छातीतून लाल ओघळ खाली वाहत होते, आणि मार्गरेट नाइट-ड्रेसमध्ये, चॅपलच्या भिंतीला धरून, मंप्टनच्या शेवटाची वाट बघत उभी होती.

ताई ड्रेसिंग गाऊनवर गमबूट चढवून आल्या. त्यांनी ओघळाला बोट लावलं आणि वास घेतला.

"मार्गरेट," त्या म्हणाल्या, "हे रक्त नाही. हे एजवेअर आहे."

त्यांनी धोंडा वॉर्डातल्या पद्धतीने, वरून खाली, जंतुनाशकाने धुऊन काढला. तो दिवसभर मंप्टनला हॉस्पिटलचा वास येत होता. काकूंना फोनवर अर्धा तास झापलं. पण काही महिन्यांनी त्या मुलाचं लग्न ठरलं, आणि पेढ्यांचा एक खोका आला. त्यावर पत्ता होता, 'द बिशप, लिटल मंप्टन'. आमच्या सरळमार्गी पोस्टमनने तो धोंड्याच्या पायाशी ठेवून दिला. मार्गरेट तो विजयी चेहऱ्याने ताईंकडे घेऊन आली.

"यात पेढ्यांची काही चूक नाही," म्हणत ताईंनी चार खाल्ले.

असं मजेत चाललं होतं. मग गाड्यांना रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हने कुठलं तरी वळण घेतलं आणि मोठमोठ्या लॉऱ्या मंप्टनमधून जायला लागल्या. एक लॉरी वळणावर बिशप आणि चॅपलच्या भिंतीच्या मध्ये अडकली आणि दुपारभर निघेना. ताईंनी ड्रायव्हरचं प्रेशर बघितलं. भिंतीचा कोपरा पडला. पंधरा दिवसांनी कौन्सिलमधून टिम नावाचा एक विनम्र तरुण आला आणि म्हणाला की धोंडा हलवावा लागेल. तो शहरातल्या कौन्सिलच्या यार्डात नीट ठेवण्यात येईल.

"यार्डात? बिशपला?" मार्गरेट म्हणाली.

टिम म्हणाला की धोंडा प्राचीन असेल तर गोष्ट वेगळी. मग त्याला कायद्याचं संरक्षण आहे, हात लावता येणार नाही. त्यासाठी एक तज्ज्ञ बाई बघायला येतील.

तज्ज्ञ बाई यायच्या आदल्या दिवशी मार्गरेट ताईंकडे आली. आम्ही दोघं तिथेच चहा पीत होतो.

"सिस्टर, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

"प्रेशर कुकर मागितला होता. अजून तुझ्याकडेच आहे."

"उद्या तू गाईंचं काही बोलू नकोस. एवढंच."

ताईंनी कप खाली ठेवला. "मला विचारलं नाही तर मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"कोण विचारतंय तुला," मार्गरेट म्हणाली आणि खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी धोंडा सगळीकडून बघितला, भिंग लावलं, फोटो काढले. मार्गरेटने कथा सांगितली, शेवटी थोडं रडलीसुद्धा. ताई मागे ओठ मिटून उभ्या होत्या. काम आटोपल्यावर कुणीतरी बाईंना ताईंकडे खायला नेलं. पोह्यांवरची तर्री पहिल्याच घासाला त्यांच्या नाकापर्यंत पोचली. डोळे पुसत, पाणी पीत त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. तुम्ही नन आहात, तुम्ही खोटं सांगणार नाही. तुम्हाला काय वाटतं, हा दगड कसला आहे?"

मार्गरेट छताकडे बघत होती.

"मी नन नाही," ताई म्हणाल्या. "तो गाईंचा पाठ खाजवायचा दगड आहे."

"थँक गॉड," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "मलाही तेच वाटत होतं, पण त्या बाई इतकं छान सांगत होत्या की धीरच होईना."

झालं. धोंडा प्राचीन नाही, असं ठरलं. क्रेन यायची तारीख लागली, आणि मार्गरेटने ताईंशी बोलणं सोडलं. तिच्या मागोमाग बाकीच्यांचंही 'गुड मॉर्निंग, सिस्टर' आखूड झालं. कुणी अपमान केला नाही, पण इंग्लंडात माणसाला वाळीत टाकायला अपमान लागत नाही, हवामानाबद्दल बोलणं थांबवलं की पुरतं. ताई सकाळी अकराला दोन कप मांडायच्या आणि अर्ध्या तासाने एक उचलून परत कपाटात ठेवायच्या. एकदा मी तिथे होतो.

"वॉर्डात पेशंटला गोड गोड सांगितलं असतं तर मी आवडती सिस्टर झाली असती," त्या म्हणाल्या. "पण मग गोळी कोणी घेतली असती? काही चुकलं का रे माझं?"

मी विचार करून म्हटलं, "तसं बघितलं तर, ताई..."

"राहू दे. तू पुण्याचा आहे, लांबवशील."

त्या हसल्या, पण उठून त्यांनी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

क्रेन आली त्या सकाळी सगळं गाव वळणावर जमलं. मार्गरेट घडीची खुर्ची घेऊन बिशपला टेकून बसली होती, मांडीवर थर्मास. टिम तिच्यासमोर अवघडून उभा होता. बाईला उचलायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात ताई आल्या. हातात दोन कप. एक कप त्यांनी मार्गरेटपुढे धरला. मार्गरेटने तो घेतला, पण ताईंकडे बघितलं नाही.

ताई टिमकडे वळल्या. "कसे आहोत आपण आज? पोट साफ झालं?"

टिमने मान हलवली.

"मग मला सांग, हा दगड कोणाचा आहे?"

"कुणाचाच नाही, सिस्टर. रस्त्याच्या कडेला आहे, मालक नाही, म्हणून कौन्सिलचा."

"बिशपला मालक नसतो, हे बरोबर. पण तुमचेच लोक म्हणून राहिले ना की हा बिशप नाही? गाईंचा दगड आहे म्हणतात. मग ज्याच्या गाई त्याचा दगड."

सगळ्यांच्या माना हळूहळू कॉलिनकडे वळल्या. कॉलिन म्हणजे समोरच्या शेताचा मालक. त्याच्या तोंडून मी तोवर 'मॉर्निंग'खेरीज शब्द ऐकला नव्हता. तो फाटकाला रेलून उभा होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"माझा," तो म्हणाला.

"काही पुरावा आहे का?" टिमने विचारलं.

तो शब्द ऐकून ताईंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी बघतच राहिलो. त्यांनी मार्गरेटला खुर्चीवरून उठवलं. बिशपभोवतीची ती पांढरी साखळी मार्गरेटने काढलेल्या गावकमिटीने फार पूर्वी लावली होती, गाईंनी विटाळू नये म्हणून. ताईंनी ती काढून टाकली आणि कॉलिनला खूण केली. दूध काढायची वेळ झालीच होती. कॉलिनने फाटक उघडलं.

पहिली गाय लेनमध्ये आली. काळीपांढरी, दांडगी. तिने क्रेनकडे बघितलं, टिमकडे बघितलं, मग बिशपकडे बघितलं. त्या गाईने तो दगड जन्मात जवळून पाहिलेला नव्हता. ती सरळ त्याच्यापाशी गेली, मागचा भाग टेकवला, आणि डोळे मिटून असं घासायला लागली की आम्हा सगळ्यांनाच पाठीत खाज सुटली. क्रेनवाला तर उघड खाजवायला लागला. दुसरी गाय आली आणि पहिलीच्या मागे थांबली. तिच्या मागे तिसरी. इंग्लंडातल्या गाई त्या. रांग लावली.

टिमने ऑफिसला फोन लावला. "नाही, सर. खाजगी मालकीचा आहे," तो म्हणाला. "हो, सर. शेतीच्या वापरात आहे. आत्ता, या क्षणी वापरात आहे."

क्रेन मागे घेताना बिशप आणि भिंतीच्या मध्ये अडकली, पण तिथे आता सगळ्यांना सवय होती. ताईंनी क्रेनवाल्याचं प्रेशर बघितलं. पुढच्या महिन्यात कौन्सिलने लेनच्या तोंडाशी मोठ्या गाड्यांना बंदीची पाटी लावली आणि वळणावर एक गोल आरसा बसवला. लॉऱ्या थांबल्या.

क्रेन परत गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अकराला मार्गरेट प्रेशर कुकर घेऊन ताईंच्या दारात उभी राहिली. माफी कुणी मागितली नाही. "शिट्टी नीट वाजत नाही याची," एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. कथाही तिने लगेच दुरुस्त करून घेतली. बिशप आता नाचल्यामुळे दगड झाला नव्हता. गाईंचे हाल बघून त्याला इतकी दया आली की त्याने स्वतःहून देवाकडे दगड होणं मागून घेतलं. रविवारी पाहुण्यांसमोर तिने ही नवी कथा पहिल्यांदा सांगितली तेव्हा ताईंनी विचारलंच, "पुरावा?"

मार्गरेटने बिशपला पाठ घासणाऱ्या गाईकडे बोट दाखवलं. ताईंनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. असं मी एकदाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि आम्ही मंप्टन सोडलं. निघायच्या सकाळी ताई आल्या, बॅगा हाताने उचलून बघितल्या, औषधं वरच्या खणात ठेवायला लावली, ऋताला दोन मिनिटं घट्ट धरलं, आणि मला म्हणाल्या, "चल, मी नाही थांबत. पोचल्यावर फोन कर." आणि निघून गेल्या. शेवटचं सामान भरून, घराला कुलूप लावून, लेनच्या दुसऱ्या टोकाला घरमालकाकडे किल्ली देऊन आम्ही गाडी परत फिरवली, तर पुढे रस्त्याच्या अगदी मधोमध ताई चालल्या होत्या. कुणाच्या तरी जखमेचं ड्रेसिंग करून परतत असाव्यात. फोन स्पीकरवर, पलीकडे नागपूरची बहीण. गाडी इलेक्ट्रिक, आवाज काहीच नाही, त्यामुळे मागे कुणी आहे हे त्यांना कळलं नाही. लेन अशी अरुंद की बाजूने जायला जागा नाही. मी हॉर्नवर हात ठेवला, पण वाजवला नाही. आम्ही काचा खाली करून त्यांच्या मागे मागे, त्यांच्याच चालीने, सरकत राहिलो.

"गेले ते पोरं आज," ताई सांगत होत्या. "समोरचे. नाही, आता कोणी नाही समोर... रडून काय करू? पाणी पिली, चालून राहिली." मग बहिणीने काहीतरी विचारलं असावं. ताई थोडं थांबल्या.

"नाही गं, पुण्याचे होते," त्या म्हणाल्या. "पण चांगले होते."

ऋताने तोंडावर हात दाबला. ताई आपल्या फाटकाशी पोचल्या, वळल्या, आणि समोर आमची गाडी बघून जागीच थबकल्या. मग फोन कानाला लावत बहिणीला म्हणाल्या, "थांब एक मिनिट, अजून गेलेच नाही हे," आणि आम्हाला जायला वाट देण्यासाठी फाटक उघडून आत सरकून उभ्या राहिल्या.